वंशावळीतून निसर्गअभ्यासकाचा शोध

झाडं, पक्षी, किडे अभ्यासून गेलेला पण आता कुणाच्या लक्षात नसलेला माणूस त्याच्या घराण्याच्या कागदपत्रांवरून हुडकून काढणे. ठाणे-नवी मुंबईत हा नाद बहुतेक वेळा पक्षीवाल्यांना लागतो. ऐरोलीला फ्लेमिंगो बघता बघता बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नाव कानावर पडतं, मग ती काढली कोणी हे शोधायला गेलं की १५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्याच्या म्युझियममध्ये जमलेल्या आठ जणांची यादी सापडते आणि त्यात दोन नावं आपली निघतात, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजामुळे माहीत असतात, दुसऱ्यांपाशी गाडी अडते.

साहेबांचं सोपं असतं. यादीतलेच ई. एच. एटकिन हे मिशनऱ्याचे चिरंजीव, जन्म १८५१, साताऱ्याचा. अशांचे बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं चर्चच्या रजिस्टरात आणि त्याच्या नकला लंडनला जायच्या.

सखाराम अर्जुन राऊत (१८३९–१८८५) हे डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजात बॉटनी शिकवायचे, मुंबईकडच्या औषधी द्रव्यांची त्यांची इंग्रजी यादी १८७९ ला छापून आली. सोसायटीचं जर्नल सुरू झालं १८८६ ला, म्हणजे हे गेल्यावर, त्यामुळे पुढच्या लोकांनी जर्नल चाळलं तरी हे भेटणारच नव्हते.

आपल्याकडे वंशावळ म्हटलं की कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या, जमिनीचे फेरफार, आणि जुनं असलं की मोडी. यातलं बरंचसं बापाकडून मुलाकडे जातं, लेकी-सुना कुठेतरी कोपऱ्यात. सखाराम अर्जुनांच्या बाबतीत हे काही कामाचं नाही, कारण धागा बायकोकडून लागतो. जयंतीबाई विधवा होत्या, पहिले यजमान जनार्दन पांडुरंग, पदरी एक मुलगी. सुतार समाजात बाईचं दुसरं लग्न चालायचं, पण १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क जायचा, म्हणून त्यांनी इस्टेट आधी मुलीच्या नावावर केली आणि मग सखाराम अर्जुनांशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे रखमाबाई, पुढे डॉक्टर झालेल्या (१८६४–१९५५). नवरा दादाजी भिकाजी, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, १८८४ ला कोर्टात गेला, रखमाबाई नांदायला येत नाहीत म्हणून, आणि त्या खटल्यात घरातलं सगळं बाहेर आलं, कोण कुठे राहायचं, कोणाचं लग्न कधी, इस्टेट कोणाची. वनस्पतीशास्त्रज्ञाचं घर असं सावत्र मुलीच्या केसमध्ये सापडतं, आणि रक्ताचं नातं नसल्यामुळे नेहमीच्या वंशवृक्षात ती मुलगी आलीच नसती!

नावांचा घोळ वेगळाच. अर्जुन हे वडिलांचं नाव, पण इंग्रजी कॅटलॉगांनी ते आडनाव धरलं तर माणूस एकीकडे आणि राऊत दुसरीकडे, त्यामुळे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) किंवा कुठल्याही जुन्या लायब्ररीत शोधताना अ, स आणि र तिन्ही खाली बघावं, मराठीत त्यांनी वैद्यकावर लिहिलंय तेही तसंच शोधावं लागतं. आणि आत्माराम पांडुरंग व जनार्दन पांडुरंग हे भाऊ वाटतात ना, पण आत्माराम हे तर्खडकर, जनार्दन यांचं घराणं वेगळं, नुसत्या वडिलांच्या नावावरून नातं जोडू नये.