गणिताचे अभ्यासक्रम-स्तर, अमेरिकन हायस्कुलांतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नववी ते बारावीचे गणित वर्षावर्षाच्या स्वतंत्र अभ्यासक्रमांत विभागून शिकवण्याची पद्धत. रूढ क्रम बीजगणित-१, भूमिती, बीजगणित-२ व पूर्वकलन (कलन म्हणजे कॅल्क्युलस; त्याची पूर्वतयारी) असा आहे. बीजगणित-१ आठवीतच उरकणारा विद्यार्थी बारावीत कलनापर्यंत पोहोचतो. त्यामुळे भूमितीच्या एकाच वर्गात नववीची व दहावीची मुले शेजारी बसतात.

महाराष्ट्रात दहावीला बीजगणित व भूमिती एकाच वर्षी, भाग १ व भाग २ म्हणून असतात. अमेरिकन क्रमात भूमितीच्या वर्षी बीजगणित बव्हंशी बाजूला पडते. बीजगणित-१ मध्ये क्ष² + १ = ० या समीकरणाला वास्तव मूळ नाही, एवढ्यावर विषय थांबतो; त्याची संमिश्र मुळे मधले वर्ष उलटल्यावर बीजगणित-२ मध्ये भेटतात.

हा क्रम कसा रुळला याविषयी एकमत नाही. एका मतानुसार तो महाविद्यालयांच्या प्रवेश-अटींमधून आला: हार्व्हर्डने १८२० मध्ये बीजगणित व १८४४ मध्ये भूमिती आवश्यक केली आणि शाळांनी विषय त्याच क्रमाने लावले. दुसरे मत त्याचे श्रेय १८९२ साली हार्व्हर्डचे प्रमुख चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमाच्या विचारासाठी नेमलेल्या दहाजणांच्या समितीला देते. मात्र या समितीच्या गणितविषयक परिषदेने (अध्यक्ष खगोलज्ञ सायमन न्यूकम) बीजगणित सुमारे चौदाव्या वर्षी सुरू करावे, वर्षभराने भूमिती जोडावी आणि पुढे दोन्ही विषय बरोबरीने चालवावेत, असे सुचवले होते. भूमितीसाठी बीजगणित थांबवणे तिला अभिप्रेत नव्हते. म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. बीजगणिताचे दोन तुकडे का पडले, याचा पुरता उलगडा मात्र त्यानेही होत नाही. गणितज्ञ ई. एच. मूर यांनी १९०२ मध्येच गणिताच्या शाखा जोडून शिकवण्याचा आग्रह धरला होता. नॉर्थ कॅरोलायना व यूटा राज्यांत आज तसे एकत्रित अभ्यासक्रम आहेत; २०१० च्या ‘कॉमन कोअर’ या अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या सामाईक शालेय मानकांना दोन्ही मार्ग चालतात.

एकाच नावाच्या अभ्यासक्रमात पुन्हा साधा व ऑनर्स (अधिक अवघड) असे भेद असतात. ऑनर्सला देशभर लागू अशी व्याख्या नाही, ती शाळेगणिक बदलते. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटला (ए. पी.; हायस्कुलातच शिकवले जाणारे महाविद्यालयीन स्तराचे अभ्यासक्रम; १९५५-५६ पासून) मात्र देशभर सामाईक परीक्षा असून गुणांकन १ ते ५ असते. तिचा कलन-एबी हा अभ्यासक्रम स्थूलमानाने महाविद्यालयाच्या एका सत्राएवढा, तर कलन-बीसी दोन सत्रांएवढा मानतात; हे विभाजन १९६९ चे. सांख्यिकी १९९७ मध्ये, पूर्वकलन २०२३-२४ मध्ये आले.

बीजगणित-१ कोणी आठवीत घ्यावे, हा वादाचा विषय आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये ते सर्वांसाठी नववीत नेले. २०२४ मध्ये ते आठवीत परत आणण्याचा निर्णय झाला.

कलनाकडे न जाणाऱ्यांसाठी काही शाळांत व्यवहारगणित किंवा अर्थनियोजनाचे गणित असते.