खांद्यावरच्या क्षेपणास्त्राचा डोळा

१७ जुलै २०१४ रोजी युक्रेनच्या आकाशात मलेशियन एअरलाइन्सचे बोइंग ७७७ पाडले गेले. तेव्हाच्या चर्चेत एक समज वारंवार डोकावत होता आणि तो आजही टिकून आहे: खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र डोक्यावरून जाणारे कोणतेही विमान पाडू शकते. वस्तुतः ते विमान सुमारे ३३ हजार फुटांवर, म्हणजे दहा किलोमीटर उंचीवर होते आणि त्याला लागलेले बुक क्षेपणास्त्र रडारच्या साहाय्याने वाहनावरून डागायचे, जवळजवळ सातशे किलो वजनाचे अस्त्र आहे. स्टिंगर किंवा इग्ला यांसारखी खांद्यावरची अस्त्रे नळीसकट पंधरा ते अठरा किलोंची असतात. त्यांतले इंधन काही सेकंदांतच संपते, पुढचा प्रवास मिळालेल्या वेगाच्या बळावर होतो आणि साडेतीन-चार किलोमीटर उंचीच्या पलीकडे त्यांचा जोर ओसरतो.

मात्र ही उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर डागणारा जिथे उभा आहे तिथून मोजायची असते. कारगिलमध्ये घुसखोर डोंगरमाथ्यांवर ठाण मांडून बसले होते, त्यामुळे एरवी सुरक्षित वाटावी अशी उंचीही तिथे पुरेशी नव्हती. २७ मे १९९९ रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांच्या मिग-२१ वर क्षेपणास्त्र आदळले. दुसऱ्याच दिवशी तोलोलिंग परिसरात हल्ला करणारे एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले गेले आणि त्यातील चौघांना वीरमरण आले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर, म्हणजे प्रखर जळते गोळे, सोडण्याची सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. त्यानंतर हवाई दलाने सशस्त्र हेलिकॉप्टरे हल्ल्यांतून मागे घेतली आणि विमानांना अधिक उंचीवरून मारा करण्यास सांगितले.

हे फ्लेअर नेमके कोणाला चकवतात, हे कळण्यासाठी क्षेपणास्त्राचा डोळा पाहायला हवा. तापलेली प्रत्येक वस्तू अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश बाहेर टाकते आणि तिचे तापमान जितके जास्त, तितकी त्या प्रकाशाची तरंगलांबी कमी असते. २८९८ या आकड्याला केल्व्हिनमधील तापमानाने भागले की कोणत्या तरंगलांबीवर हा प्रकाश सर्वाधिक असेल ते मायक्रोमीटरमध्ये मिळते. सातशे अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सुमारे ९७३ केल्व्हिनपर्यंत, तापलेल्या धातूसाठी हे उत्तर तीनच्या आसपास येते. १९६८ मध्ये सोव्हिएत सेनेत दाखल झालेल्या स्ट्रेला-२ या खांद्यावरच्या क्षेपणास्त्राचा लेड सल्फाइडचा संवेदक (प्रकाश टिपणारा सेन्सर) अडीच मायक्रोमीटरच्या आगेमागेच पाहू शकत असे, म्हणून त्याला इंजिनाचा तप्त भाग दिसायचा तो फक्त मागून. पुढच्या पिढीत इंडियम अँटिमोनाइडचा संवेदक आला. त्याला तीन ते पाच मायक्रोमीटरचा पट्टा दिसतो आणि त्यातच, ४.३ मायक्रोमीटरजवळ, इंजिनातून निघणारा तप्त कार्बन डायऑक्साइड चमकतो, म्हणून समोरून येणारे विमानही त्याच्या टप्प्यात आले. अट एवढीच, की हा संवेदक उणे दोनशे अंशांच्या जवळपास थंड असायला हवा, नाहीतर त्याच्या स्वतःच्याच उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन खऱ्या संकेताला झाकून टाकतात. स्टिंगरच्या मुठीपाशी बसवलेल्या छोट्या नळकांड्यात दाबाखालील अरगॉन असतो. तो बारीक छिद्रातून सुटून प्रसरण पावतो आणि संवेदक क्षणार्धात गोठवतो. हा थंडावा पाऊण मिनिटापुरताच टिकतो.

खरी गंमत पुढे आहे. या जुन्या क्षेपणास्त्रांना चित्र दिसतच नाही, कारण त्यांच्याकडे एकच संवेदक असतो आणि तो प्रकाश किती हे सांगतो, कुठून हे सांगत नाही. दिशा कळावी म्हणून संवेदकापुढे एक चकती फिरत ठेवतात. तिच्या अर्ध्या भागावर आलटून पालटून पारदर्शक व अपारदर्शक पट्टे असतात, उरलेला अर्धा भाग एकसारखा करडा असतो. लक्ष्याचा ठिपका पट्ट्यांच्या भागात आला की प्रकाश फिरत्या पंख्यातून पाहिलेल्या दिव्यासारखा लुकलुकतो, करड्या भागात स्थिर राहतो. चकतीच्या फेरीत हे लुकलुकणे केव्हा सुरू झाले यावरून लक्ष्य कोणत्या बाजूला आहे ते कळते. उन्हाने उजळलेला ढग एकाच वेळी अनेक पट्टे व्यापतो, त्यामुळे तो लुकलुकत नाही आणि आपोआप गाळला जातो. मग क्षेपणास्त्र विमानाच्या मागे धावण्याऐवजी त्याच्याकडे जाणारी दृष्टिरेषा किती वेगाने फिरते ते मोजते आणि त्या प्रमाणात वळत राहते. रेषा फिरायची थांबली, म्हणजे टक्कर ठरली.

‘शब्दवेधी बाण म्हणजे प्राचीन मार्गदर्शित क्षेपणास्त्र’ असे संदेश उत्साहाने पुढे पाठवणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावे. सुटल्यावर ज्याला दिशा बदलता येत नाही, तो बाण कितीही अचूक असला तरी मार्गदर्शित ठरत नाही.

मॅग्नेशियम आणि टेफ्लॉन यांच्या मिश्रणाचा फ्लेअर इंजिनापेक्षा कितीतरी तेजस्वी जळतो, त्यामुळे क्षेपणास्त्र त्याच्याच मागे लागते. यावर उतारा म्हणून नवे शोधक, म्हणजे क्षेपणास्त्रांचे नवे डोळे, दोन तरंगलांबींची तुलना करतात. अधिक तप्त फ्लेअरचा प्रकाश लहान तरंगलांबीकडे झुकलेला असतो आणि तिथे त्याचे सोंग उघडे पडते. म्हणून आता लुकलुकता लेझर थेट शोधकावर रोखून त्याला खोटी दिशा दाखवतात. राष्ट्रपती व पंतप्रधानांसाठीच्या बोइंग ७७७ विमानांसाठी अशी यंत्रणा भारताला विकण्यास अमेरिकेने २०१९ मध्ये मंजुरी दिली. वाहिन्यांनी तिला ‘अभेद्य कवच’ ठरवले, पण रडारच्या मार्गदर्शनाने येणाऱ्या क्षेपणास्त्रापुढे हा लेझर निरुपयोगी आहे.

प्रवासी विमानांना धोका असतो तो उड्डाण करताना आणि उतरताना. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येते, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर असताना ते धावपट्टीपासून सुमारे ५७ किलोमीटर दूर असते. एवढ्या पट्ट्याला कुंपण घालता येत नाही. २८ नोव्हेंबर २००२ रोजी मोंबासाहून निघालेल्या इस्रायली बोइंग ७५७ वर दोन क्षेपणास्त्रे डागली गेली आणि दोन्ही चुकली. २२ नोव्हेंबर २००३ रोजी बगदादहून उडालेल्या डीएचएलच्या एअरबस ए-३०० मालवाहू विमानाच्या डाव्या पंखावर मात्र क्षेपणास्त्र आदळले आणि द्रवाच्या दाबाने सुकाणू हलवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. सुकाणू हलेना, तेव्हा कर्मचाऱ्यांनी केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करून विमान हाताळले. उजव्या इंजिनाचा जोर वाढवला की ते डावीकडे वळे, दोन्हींचा वाढवला की नाक वर उचले. असे करत त्यांनी ते बगदादलाच परत आणले. धावपट्टीवर टेकताच विमान बाजूच्या वाळूत घुसले, पण आतले तिघेही सुखरूप बाहेर पडले.