उघड गोष्टी यंत्राला कोण सांगणार? : संवादी संगणक आणि व्यवहारज्ञानाची पार्श्वभूमी

हर्णै बंदरावर जुलै महिन्यात ताज्या सुरमईचा भाव विचारला, तर कोणीही विचारणाऱ्याकडे जरा निरखून पाहील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि छोट्या होड्या झावळ्यांखाली, हल्ली ताडपत्रीखाली, शाकारलेल्या असतात, हे किनाऱ्यावर कोणी कोणाला मुद्दाम सांगत नाही, आणि जे सांगावे लागत नाही ते सहसा लिहिलेही जात नाही. माणसाशी बोलणाऱ्या संगणकाला हे न सांगितलेले ज्ञान कसे द्यायचे, हा प्रश्न ६० वर्षांहून जुना आहे.

१९५८ साली इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील परिषदेत अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी ‘ॲडव्हाइस टेकर’ची कल्पना मांडली : व्यवहारातील गोष्टी तर्कशास्त्राच्या सूत्रांत मांडाव्यात आणि त्यांवरून निष्कर्ष यंत्राने काढावेत. १९६६ मध्ये जोसेफ वाइझेनबाउम यांची ‘एलायझा’ ही माणसाशी लेखी संवाद करणारी संगणक-आज्ञावली आली. तिला जगाचे ज्ञान मुळीच नव्हते. समोरच्याचेच शब्द उलटवून ती प्रश्न करीत असे, तरीही लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले, याने खुद्द वाइझेनबाउमच अस्वस्थ झाले.

सूत्रांच्या मार्गात मोठी अडचण अपवादांची होती. जुलैत ताजी सुरमई नसते, हा नियम यंत्राला शिकवला, तरी खाणावळीच्या ताटात बर्फातली सुरमई येतेच. नियम सामान्यतः खरा मानायचा आणि नवी माहिती येताच मागे घ्यायचा, ही माणसाला सहज जमणारी गोष्ट तर्कशास्त्रात बसवण्यासाठी १९८० च्या सुमारास स्वतंत्र पद्धती घडवाव्या लागल्या. १९८४ साली डग्लस लेनाट यांनी व्यवहारज्ञान नोंदवण्याचा ‘साइक’ प्रकल्प सुरू केला आणि तज्ज्ञांच्या हातून लक्षावधी विधाने लिहून घेतली. एवढ्या चिकाटीचे काम या क्षेत्रात क्वचितच झाले असेल, पण हाताने लिहून जग संपत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातील ‘ओपन माइंड कॉमन सेन्स’ने हेच काम इंटरनेटवरून सर्वसामान्यांवर सोपवले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दजाल उभे राहिले. परंतु ते शब्दांच्या अर्थांमधील नाती नोंदवते, मासळीचा हंगाम सांगणे हे त्याचे काम नव्हे.

यंत्राला खरेच समजते का, हे तपासण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेवेस्क यांनी २०११ मध्ये एक कसोटी सुचवली : वाक्यातले सर्वनाम कोणासाठी आले आहे, ते यंत्राने ओळखायचे. तिचा मराठी नमुना असा करता येईल : ‘होडी खाडीत शिरेना, कारण ती उथळ होती.’ येथे ‘ती’ म्हणजे खाडी. ‘उथळ’च्या जागी ‘फार भरलेली’ असे घातले, की ‘ती’ म्हणजे होडी होते. दोन्ही नामे स्त्रीलिंगी असल्याने व्याकरण येथे मदतीला येत नाही. ‘होडी’ऐवजी ‘मचवा’ म्हटले असते तर लिंगावरूनच उत्तर मिळाले असते. २०१९ च्या सुमारास प्रचंड मजकुरावर घडवलेली भाषा-प्रतिमाने (लँग्वेज मॉडेल) या कसोटीत ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचली, मात्र ती समजुतीने पोहोचली की शब्दांच्या सवयीने, याबद्दल हे निकाल मांडणाऱ्या संशोधकांनीच शंका नोंदवली.

या प्रतिमानांना कोणी नियम सांगत नाही. लिहिलेल्यातून ती न लिहिलेल्याचा अंदाज बांधतात. जेथे मजकूर विपुल आहे तेथे हा अंदाज चांगला बसतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाण्याला ओढ कमी असते आणि प्रवाहाच्या ओढीवर भरणाऱ्या डोल जाळ्यात मासळी फारशी येत नाही, ही गोष्ट मात्र अजून बहुतांशी बंदरावरच्या बोलण्यात आहे.