ख्रिस पॉलचा सौदा: तो व्हेटो नव्हताच

लॉस एंजेलिसच्या लेकर्स या बास्केटबॉल संघाचे चाहते अजून दात-ओठ खातात: डिसेंबर 2011 मध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा कमिशनर (प्रमुख) डेव्हिड स्टर्नने व्हेटो (नकाराधिकार) वापरून ख्रिस पॉल या खेळाडूला लेकर्सकडे येऊ दिलं नाही म्हणे. पण पॉलच्या संघाला, न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्सला, तेव्हा कुणी शेठजी नव्हताच. 2010 मध्ये खुद्द एनबीएनेच संघ विकत घेतला होता. म्हणजे मालकाच्या खुर्चीत स्टर्नच. तीन संघांच्या या सौद्यात पॉलच्या बदल्यात हॉर्नेट्सला ओडम, स्कोला, केविन मार्टिन वगैरे खेळाडू मिळणार होते. मालक ‘नको’ म्हणाला, सौदा फिसकटला. क्लीव्हलँड संघाच्या मालकाने या सौद्याविरुद्ध तक्रारीचा ईमेल धाडला होता, तेही खरं. लीगच मालक आणि लीगच पंच, खरी गोची ती! सहाच दिवसांनी पॉल लॉस एंजेलिसलाच गेला, पण क्लिपर्स या तिथल्याच दुसऱ्या संघाकडे.