टेस्ट बटण अर्थिंग तपासत नाही
सोलापुरात घरांत आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये सर्रास ऐकू येतं: आरसीसीबीचं (करंट गळाला की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबल्यावर ट्रिप झालं, म्हणजे सॉकेटचं वायरिंग बरोबर. तसं अजिबात नाही. बटण आतल्या रेझिस्टरमधून फेज-न्यूट्रलमध्येच थोडा करंट सोडतं. अर्थ वायर तुटलेली असली तरी ट्रिप होणारच.

मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेट तपासा. समोरून बघताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ साधारण 230 हवेत, न्यूट्रल-अर्थ जेमतेम एक-दोन. न्यूट्रल-अर्थवर 230 आले तर फेज-न्यूट्रल उलटे जोडलेत. फेज-अर्थचा आकडा मधेच कुठेतरी तरंगत असेल तर अर्थ तुटलीय.

लोड लावताच ट्रिप होतंय? सॉकेटमागे न्यूट्रल-अर्थ जोडलेत का पाहा. आरसीसीबी काढून टाकू नका, तो जोड काढा.