गाठीबरोबर यकृतात जाणारा जीवाणू

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरतो तेव्हा तिथे फक्त कर्कपेशी पोहोचतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली या समजाला धक्का दिला. काही रुग्णांच्या आतड्यातील मूळ गाठ आणि यकृतातील गाठ त्यांनी शेजारी ठेवून तपासली, तेव्हा दोन्हींत फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम या जीवाणूचा जवळजवळ एकच वाण सापडला. हा जीवाणू मूळचा तोंडातला, दातांवरच्या किटणात राहणारा आहे.

गाठीत तो टिकतो कसा, हे समजायचे तर त्याच्या पृष्ठभागावरचे फॅप-२ हे प्रथिन पाहावे लागते, आणि मला या साऱ्या विषयात तेच सर्वांत विलक्षण वाटते. गॅल-गॅलनॅक ही शर्करा आतड्याच्या कर्कपेशींवर विपुल असते. फॅप-२ तिला धरते आणि जीवाणू गाठीला चिकटतो. पण त्याचे दुसरे काम अधिक गंभीर आहे. आपल्या प्रतिकारशक्तीतल्या नैसर्गिक मारक पेशी समोरच्या पेशीला मारायचे की सोडायचे हे एका संकेतावर ठरवत नाहीत. चेतवणारे आणि रोखणारे अनेक संकेत त्यांच्याकडे एकाच वेळी येतात आणि ज्यांचे पारडे जड होते त्यानुसार त्या वागतात. रोखणाऱ्या संकेतांपैकी एक टिजिट या, मारक पेशीच्या पृष्ठभागावर संकेत स्वीकारणाऱ्या ग्राही प्रथिनामार्फत येतो. शरीरातील पेशींवरचे एक ठरावीक प्रथिन टिजिटला जुळले की मारक पेशी आवरते घेते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की फॅप-२ थेट याच टिजिटला जुळते. त्यामुळे जीवाणू चिकटलेली कर्कपेशी मारक पेशीच्या हल्ल्यातून बचावते. टिजिट टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशींवरही असल्याने त्यांचीही धार बोथट होते.

डाना-फार्बरच्या प्रयोगात असे जीवाणू असलेल्या मानवी गाठी उंदरांमध्ये वाढवून त्यांना मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक दिले, तेव्हा जीवाणू कमी झाले आणि गाठींची वाढ मंदावली. मात्र मानवी गाठ रुजावी म्हणून वापरलेल्या या उंदरांत कार्यक्षम टी-पेशी नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. म्हणजे वाढ मंदावण्याचे श्रेय टी-पेशी मोकळ्या झाल्याला देता येत नाही. हा जीवाणू कर्कपेशींच्या विभाजनालाही चालना देत असावा, असा त्याचा एक अर्थ लागतो.

मेट्रोनिडॅझोल हे आपल्याकडे जुलाबावर सर्रास घेतले जाणारे औषध असल्याने इथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. या प्रयोगाच्या आधारे कोणीही ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. ऑक्सिजनविना जगणाऱ्या इतर अनेक आतड्यातील जीवाणूंनाही ते मारते आणि त्यांतले काही प्रतिकारशक्तीला उपकारक असतात. ‘पोट शुद्ध करून कर्करोग पळवणाऱ्या’ चूर्णांच्या जाहिरातींना तर या संशोधनाचा कोणताही आधार नाही. फॅप-२ आणि टिजिट यांची जुळणीच रोखता आली, तर उपकारक जीवाणूंना धक्का न लावता मारक पेशींवरचा हा एक अटकाव दूर करता येईल.