कॅल्शियम स्कोअर हातात आला, आता तो वाचायचा कसा?

कॅल्शियम स्कोअर म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साठलेलं कॅल्शियम सीटी स्कॅनवर मोजून दिलेला आकडा. रिपोर्ट हातात पडला की आमच्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग आता दूध बंद करू का?" नका करू. धमनीतलं कॅल्शियम काही चहातल्या दुधातून थेट तिथे जाऊन बसत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, स्वतःच्या मनाने सोडू नका.

कॅल्शियम धमनीत साठतं ते मुख्यतः दाहामुळे, म्हणजे आतल्या आत धुमसणाऱ्या सुजेमुळे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरलं की शरीर पांढऱ्या पेशी धाडतं. त्या कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांच्या अवशेषांवर कॅल्शियमचे कण धरू लागतात. सुरुवातीचे कण इतके बारीक असतात की आमच्या मशीनला दिसत नाहीत, आणि भिंत फाटण्याची भीती याच काळात जास्त. बऱ्याच वर्षांनी टणक थर जमला की पडद्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका उमटतो. म्हणजे आम्ही मोजतो ती जुन्या जखमेची खपली. आज आत किती धुमसतंय, ते या आकड्यातून कळत नाही.

मोजण्याची पद्धत डॉ. आर्थर ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. स्कोअर १ ते ९९ म्हणजे साठा सौम्य, १०० ते ३९९ मध्यम, ४०० आणि पुढे जास्त. शून्य आला तर आनंदच आहे. पण पस्तिशी-चाळिशीतला माणूस, मधुमेह, वर सिगारेट, अशा वेळी शून्यावर विसंबू नका. मऊ, कॅल्शियम न धरलेला थर या तपासणीत दिसत नाही.

उलटही होतं. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी नेमाने घेऊनही स्कोअर वाढलेला दिसतो आणि लोक धास्तावतात. ही औषधं मऊ थर घट्ट करतात, त्यामुळे आकडा चढला तरी झटक्याचा धोका उतरलेला असू शकतो. म्हणून दर वर्षी स्कॅन करून घ्यायला या, असं आम्ही सांगत नाही.

चालू दाह पाहायचा एक नवा मार्ग आहे. धमनीभोवती चरबीचं आवरण असतं. भिंत धुमसत असली की लगतच्या चरबीत पाण्याचा अंश वाढतो आणि सीटीवर तिची घनता बदलते. सीटीच्या घनतेच्या मोजपट्टीवर पाणी शून्य धरलं तर चरबी उणे आकड्यात येते. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात उणे ७०.१ किंवा त्याहून शून्याच्या जवळ आकडा असलेल्यांत हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. त्यासाठी डाय (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून सुईने देतात ते द्रव्य) टोचून सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन लागतो आणि खास सॉफ्टवेअर. आमच्याकडे ते नाही.

एचएस-सीआरपी ही रक्ततपासणी स्वस्त आहे. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर आली तर दाह जास्त. पण ती सगळ्या अंगाचा दाह सांगते, एकट्या हृदयाचा नाही. सर्दी-ताप असताना किंवा दाढ ठणकत असताना करून पैसे घालवू नका. हृदयाच्या बाहेरच्या पिशवीला येणारी सूज हा निराळाच आजार. त्याचा या स्कोअरशी संबंध नाही.

कॅल्शियम स्कोअरसाठी येण्याआधी काही तास चहा-कॉफी टाळा. सुई नाही, डाय नाही. साधारण दहा सेकंद श्वास रोखायचा. स्टेंट किंवा बायपास झाली असेल तर बुकिंगआधी डॉक्टरांना विचारा, बहुधा ही तपासणी लागतच नाही. आणि छातीत आत्ता दुखत असेल, घाम फुटला असेल, तर आमच्याकडे नंबर लावू नका, १०८ ला फोन करा.